मुलाचा वाटा कुणाच्या खात्यात?

(नोएडा इथल्या मराठी व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचं लेखी रूप)



ज्या वकीलबाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी आयुष्यभर पोटगीचे दावे चालवले. मी वकील नाही, सनदी लेखापाल आहे. कायद्यावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच. पण पोटगीच्या दाव्यात एक जागा अशी येते की तिथे वकील अडतो आणि हिशेब कळणारं माणूस लागतं. नवऱ्याची कमाई नक्की किती, ही ती जागा. आज तेवढ्यावरच बोलणार आहे. बोलताना 'नवरा' म्हणेन, कारण माझ्यासमोर आलेल्या बहुतेक फायलींत पैसे लपवणारा नवराच होता. बायकांनी लपवल्याचे प्रकारही आहेत, त्यांच्याकडे पुढे येते.

सुरुवात नागपूरपासून करावी लागेल. जानेवारी २०१३ मध्ये, मुलगा झाल्यावर थोड्याच दिवसांत, तिथली एक बाई सासर सोडून निघाली. त्याच वर्षी २ सप्टेंबरला तिनं कौटुंबिक न्यायालयात स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. आदेश मिळाला २४ ऑगस्ट २०१५ रोजी. बायकोला दरमहा १५,००० रुपये, मुलाला आधी ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. 'अंतरिम' म्हणजे तात्पुरती सोय, आणि ती ठरायलाच जवळजवळ दोन वर्षं गेली. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, २०१८ मध्ये तिथे हरला आणि मग दिल्लीला आला. त्याचं म्हणणं असं की हाताला काम नाही, एवढी रक्कम झेपत नाही. सर्वोच्च न्यायालयानं त्याला २००५-०६ पासूनची आयकर विवरणपत्रं आणि पासपोर्टची छायाप्रत हजर करायला सांगितली. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. विवरणपत्रातून माणूस स्वतःबद्दल काय सांगतो ते कळतं, पासपोर्टवरून तो कुठे होता ते कळतं.

४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला. नवऱ्याला थकबाकी भरायला लावलीच, पण त्याहून मोठं काम म्हणजे देशभरच्या न्यायालयांसाठी नियम घालून दिले. पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता, देणी आणि खर्च यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्याचा नमुनाच निकालाला जोडला आहे. समोरच्यानं ते चार आठवड्यांत द्यायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, म्हणजे तारखा लांबवून कुणाचा फायदा होऊ नये. वकील हा निकाल त्या नवरा-बायकोच्या नावांनीच ओळखतात आणि रोज कुठल्या ना कुठल्या अर्जात ती नावं टाइप होतात. मी त्याला नागपूरचा निकाल म्हणेन. त्या दोघांचा मुलगा आता वर्तमानपत्र वाचण्याच्या वयाचा आहे.

तर नागपूरच्या निकालातल्या प्रतिज्ञापत्राचा तो कागद सूरजपूरच्या कोर्टात, म्हणजे आपल्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, कसा भरला जातो?

आपलं गाव कसं वसलं ते आपल्याला माहीत आहे. आणीबाणीच्या काळात, १७ एप्रिल १९७६ रोजी, औद्योगिक विकासासाठी एक प्राधिकरण स्थापन झालं आणि त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं शहराला चिकटली. इथे वडिलोपार्जित असं कुणाचं काही नाही. जो तो नोकरीसाठी आलेला. घर सेक्टर ७८ ला, ऑफिस गुरुग्रामला, कंपनीची नोंदणी बेंगळुरूची, पगाराचं खातं कुठल्या तरी तिसऱ्या शहरातल्या शाखेत आणि आईवडील सांगलीला किंवा अमरावतीला. संसार सुरळीत चालला असताना याचं काही वाटत नाही. तो मोडला की एकाच माणसाचा पैसा चार राज्यांत पसरलेला असतो. ज्या बाईला तो शोधायचा असतो, तिच्याकडे मूल असतं, भाड्याचं घर असतं आणि बहुतेक वेळा तिची स्वतःची नोकरीही असते. कायद्यानं तिची एक सोय केली आहे: ती राहते त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. पण प्रकरण वर गेलं तर यमुनेपलीकडे दिसणारं दिल्लीचं उच्च न्यायालय तिच्या कामाचं नाही. तिला सहाशेहून अधिक किलोमीटरवर प्रयागराजला जावं लागतं.

आता उत्पन्न कसं लपवतात ते सांगते. इथे बसलेल्यांपैकी कुणाला यातून नवीन कल्पना सुचणार नाही याची खात्री आहे, कारण ज्यांना लपवायचं असतं त्यांना आमच्या व्यवसायातले लोक या युक्त्या केव्हाच सांगून मोकळे झालेले असतात. हे मी नाइलाजानं म्हणते आहे.

सगळ्यात ढोबळ प्रकार म्हणजे नोटीस मिळाली की राजीनामा. प्रतिज्ञापत्रात लिहायचं, 'मी सध्या बेरोजगार असून वृद्ध आईवडिलांवर अवलंबून आहे.' न्यायालयांना हे वाक्य आता तोंडपाठ झालं आहे. शेजारच्या फरीदाबादचं एक प्रकरण सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं. धंदा बुडाला, उत्पन्न नाही, असं नवरा सांगत होता. न्यायालय म्हणालं की धडधाकट माणसानं प्रसंगी अंगमेहनत करावी, पण बायकामुलांना सांभाळण्याची जबाबदारी टाळता येणार नाही. मुलाला ६,००० रुपये मिळतच होते, बायकोला १०,००० मंजूर झाले. जानेवारी २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठासमोर उन्नावचा एक नवरा उभा होता. महिना २,००० रुपये द्यायलाही त्याची तयारी नव्हती. न्या. रेणू अगरवाल यांनी सांगितलं की अकुशल मजूरसुद्धा दिवसाला तीन-चारशे रुपये मिळवतो. या निकालांचं स्वागतच आहे. पण नीट पाहिलं तर त्यात एक पळवाट उरते. महिना तीन लाख मिळवणाऱ्याला मजुराच्या हिशेबानं पोटगी लागली तर तो मनातल्या मनात आनंदच मानेल. 'काही तरी कमावतोसच' इथपर्यंत न्यायालय पोचतं. 'किती कमावतोस' याला पुरावा लागतो.

म्हणून शहाणे लोक राजीनाम्याच्या पुढचं पाऊल टाकतात. माझ्याकडे आलेल्या एका फायलीतला गृहस्थ सॉफ्टवेअर क्षेत्रातला होता. वेगळं झाल्यावर चार-सहा महिन्यांनी त्यानं नोकरी सोडली आणि त्याच कंपनीचा सल्लागार झाला. टेबल तेच, काम तेच. फक्त पगाराऐवजी आता बिल जात होतं आणि ते बिल त्याच्या भावाच्या नावच्या फर्मचं होतं. बायकोनं हे शोधलं कसं? घरकर्जाच्या जुन्या कागदांत त्याचा पॅन होता. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर पॅन टाकला की त्यावर घेतलेल्या नोंदण्या दिसतात. त्याच्या पॅनवर एक जुनी, रद्द केलेली नोंदणी निघाली आणि तिचा पत्ता भावाच्या फर्मच्या पत्त्याशी जुळला. तिनं हे रात्री मूल झोपल्यावर केलं. ती शाळेत शिक्षिका होती, लेखापाल नव्हती.

स्वतःची कंपनी असेल तर लपवणं आणखी सोपं. संचालक म्हणून महिना पंचवीस हजार पगार दाखवायचा. गाडी कंपनीची, घरभाडं कंपनीचं, फोन कंपनीचा, गोव्याची सहल 'व्यावसायिक भेट'. नफा कंपनीतच ठेवायचा, दावा संपल्यावर काढायचा. कंपनीचे वार्षिक हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कुणालाही पाहता येतात, हे फार थोड्या बायकांना माहीत असतं. स्वतंत्र व्यावसायिकांना आयकर कायद्यानं मुभा दिली आहे: ठरावीक मर्यादेपर्यंतच्या जमेतली निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवा, हिशेबाच्या वह्या कुणी मागणार नाही. कर भरताना ही सवलत योग्यच आहे. पण तोच आकडा पोटगीच्या कोर्टात 'माझं खरं उत्पन्न' म्हणून ठेवला जातो, आणि उरलेल्या निम्म्यातला प्रत्यक्ष खर्च किती झाला हे कुणी विचारत नाही.

पगारदारांचा आवडता मार्ग कपातीचा. भविष्यनिर्वाह निधीत सक्तीच्या वाट्यावर ऐच्छिक रक्कम वाढवायची आणि हातात येणारा पगार आटवायचा. कंपनीचे समभाग मिळत असतील तर ते विकायचे नाहीत आणि सांगायचेही नाहीत. आणि हप्ते! नोएडात हप्ते हे पोटगीविरुद्धचं पहिल्या क्रमांकाचं चिलखत आहे. इथे निम्म्या लोकांनी उभं न राहिलेलं घर विकत घेतलेलं असतं. आम्रपाली या बिल्डर समूहाचं प्रकरण आठवा. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या समूहाची रेरा नोंदणी रद्द केली आणि अर्धवट इमारती पुऱ्या करायचं काम एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे दिलं, तोपर्यंत हजारो कुटुंबं भाडंही भरत होती आणि हप्ताही. हे दुःख खरं होतं. पण वेगळं झाल्यावर दुसऱ्या फ्लॅटसाठी नवं कर्ज काढायचं आणि मुलाच्या फीची वेळ आली की हप्त्याचा तक्ता पुढे करायचा, हा प्रकार निराळा. सर्वोच्च न्यायालयानं १९७० मध्येच एका डॉक्टरच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे की आयकर आणि सक्तीचा निर्वाहनिधी वजा होईल, घरभाडं आणि वीजबिल नाही. ऐच्छिक हप्त्यानं मालमत्ता कर्त्याचीच वाढते. तो खर्च नाही, ती बचत आहे.

मग खरं उत्पन्न शोधायचं कसं? दिल्ली उच्च न्यायालयानं २०११ मध्ये यावर एक व्यवहारी यादी दिली, ती मला फार आवडते. कागद खोटं बोलत असेल तर राहणीकडे पाहा, असा तिचा रोख. लग्नात खर्च किती झाला होता, मधुचंद्राला कुठे गेले, गाड्या किती, स्वयंपाकी-ड्रायव्हर होते का, क्रेडिट कार्डं किती, कुठल्या क्लबाचे सभासद, राहतात तो भाग कुठला, एकत्र होते तेव्हा मुलं कुठल्या शाळेत जात होती. न्यायाधीशांनी इथे शेजारणीच्या नजरेला कायद्याचा दर्जा दिला आहे. शिवाय पुराव्याच्या कायद्यात जुनं १०६ कलम होतं, ते आता भारतीय साक्ष अधिनियमात १०९ झालं आहे: जी गोष्ट खास एकाच माणसाला ठाऊक असते, ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. स्वतःची मिळकत ही अशीच गोष्ट. म्हणजे कागदोपत्री बाजू मुलाचीच आहे.

प्रत्यक्षात काय होतं? ६ नोव्हेंबर २०२३ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. राजेश बिंदल यांच्यापुढे एका लहान मुलीच्या पोटगीचं प्रकरण आलं. उच्च न्यायालयानं तिची रक्कम २०,००० वरून ७,५०० वर आणली होती. न्यायमूर्तींच्या लक्षात आलं की नागपूरच्या निकालानं सांगितलेली प्रतिज्ञापत्रंच अनेक ठिकाणी घेतली जात नाहीत. तीन वर्षांनी तोच निकाल पुन्हा सगळ्या न्यायालयांकडे पाठवायची वेळ आली. मी पाहिलेल्या फायलींत प्रतिज्ञापत्र असतं, पण अर्धे रकाने 'लागू नाही' म्हणून सोडलेले. बँकेचे उतारे एकाच खात्याचे, तेही ज्या खात्यात काही नाही त्याचे. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे. पण त्यासाठी कुणाला शिक्षा झालेली निदान माझ्या समोरच्या फायलींत मी पाहिलेली नाही.

थोडं मागे जाऊ. पोटगी ही दया आहे, हक्क नाही, ही समजूत आपल्या कायद्यातच बराच काळ मुरलेली होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली महिन्याला ५०० रुपयांहून जास्त पोटगी देताच येत नसे. ही मर्यादा गेली २००१ मध्ये. म्हणजे तोपर्यंत नवऱ्याला उत्पन्न लपवण्याची फारशी गरजच नव्हती, कायदाच ते झाकत होता. इंदूरच्या शाहबानोचा खटला सगळ्यांना धर्मावरून आठवतो. मला आठवतो तो आकड्यांवरून. नवरा वकील, त्याचं वर्षाचं उत्पन्न साठ हजारांच्या आसपास असल्याचं तिचं म्हणणं, आणि खालच्या न्यायालयानं ठरवलेली पोटगी महिना २५ रुपये. उच्च न्यायालयानं ती १७९ रुपये २० पैसे केली आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. त्या १७९ रुपयांवरून देश पेटला. वर्षाला साठ हजार मिळवणाऱ्यानं महिना १७९ देणं हे प्रमाण बरोबर आहे का, हा प्रश्न त्या गदारोळात कुणाच्या डोक्यातही आला नाही.

महाराष्ट्रात १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. टाकलेल्या बायका व्यासपीठावर येऊन बोलल्या. निशा शिवूरकर यांनी पुढे त्या लढ्यावर पुस्तकही लिहिलं. तेव्हाची मागणी होती की आम्ही आहोत हे तरी मान्य करा. आज नोएडातली, पुण्यातली शिकलेली बाई तिथून पुढे आली आहे. तिचा हक्क कुणी नाकारत नाही. तिला आकडा नाकारला जातो. जुना नवरा 'देणार नाही' म्हणायचा, आताचा 'नाहीच' म्हणतो. पहिल्याशी भांडता येत होतं.

आता बायकांकडे येते. त्याही लपवतात. नोकरी असून 'गृहिणी' लिहिणं, शिकवण्यांचं उत्पन्न न दाखवणं, माहेरच्या खात्यात पगार वळवणं, हे सगळं मी पाहिलं आहे. नागपूरच्या निकालाचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही सारखं लागू आहे आणि तसंच असायला हवं. मुलाची जबाबदारी दोघांची. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कमावत्या आईलाही तिच्या मिळकतीच्या प्रमाणात वाटा उचलायला सांगितलं होतं. खरोखर नोकरी गेलेले बापही आहेत. आपल्या शहरात नोकरकपातीची लाट आली की एका दिवसात माणसं घरी बसतात. त्यांच्यासाठी रक्कम बदलून घेण्याचा अर्ज आहे, तो त्यांनी जरूर करावा. ज्याला खरोखर अडचण आहे, त्याला कागद दाखवायला सहसा लाज वाटत नाही.

लपवणाऱ्यांची वाक्यं मात्र ठरलेली असतात. 'तिचे चोचले मी का पुरवू?' 'मुलाला माझ्याकडे पाठव, सगळं करीन.' 'भेटू देत नाही, मग पैसे कशाचे?' तिन्ही वाक्यांत मूल कुठे आहे ते पाहा. भेटीचा हक्क आणि पोटगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भेट नाकारली जात असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज आहे आणि आईनं ती अडवणं चूकच आहे. पण म्हणून तिसरीतल्या मुलीची शाळा वर्षाच्या मध्यात बदलायची? तिच्या आईशी आपलं पटलं नाही, याची किंमत तिनं का मोजायची? आणि लग्नच झालं नव्हतं, नुसते एकत्र राहत होतो, असं म्हणून सुटताही येत नाही. जुनं १२५ कलम, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं १४४, औरस-अनौरस असा भेद करत नाही.

वाटणीचं एक सोपं गणितही दिल्ली उच्च न्यायालयानं २००४ मध्ये सुचवलं होतं. घरातल्या मिळकतीचे वाटे करायचे, कमावत्याला दोन, बाकी प्रत्येकाला एक. नवरा, घरी असलेली बायको आणि एक मूल असेल तर चार वाटे आणि त्यातला एक त्या मुलाचा. हे गणित कुणालाही समजतं. म्हणूनच लपवाछपवी होते ती गणितात नव्हे, मूळ आकड्यात.

वसुलीचे दात कायद्याला आहेत. पोटगी थकवली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून कर्ज फिटत नाही, हे १९८९ मध्येच ठरलं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक-तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित आहे, म्हणजे दोन-तृतीयांश जप्त होऊ शकतो. एवढी ताकद इतर सावकाराला मिळत नाही. पण जप्तीसाठी पगार सापडायला हवा. वॉरंट जुन्या पत्त्यावर जातं, माणूस नव्या कंपनीत असतो, आणि नव्या कंपनीचं नाव शोधण्याचं काम पुन्हा त्या बाईवरच येतं.

मला आज मुख्य म्हणायचं आहे ते हेच. हे शोधण्याचं काम तिचं नाही. सरकारला हे सगळं आधीच ठाऊक असतं. नोव्हेंबर २०२१ पासून आयकर खातं प्रत्येक करदात्याची वार्षिक माहितीपत्रिका तयार करतं. पगार, व्याज, लाभांश, शेअर-फंडांची खरेदी-विक्री, परदेशी पाठवलेले पैसे, बरंच काही तिथे आपोआप जमा होतं. निर्वाहनिधी कार्यालयाला माणूस कुठल्या कंपनीत कधी लागला ते कळतं. बचत खात्याचं दोन-चारशे रुपयांचं व्याज दाखवायचं राहिलं तर तुम्हाला-मला मोबाइलवर संदेश येतो. आणि त्याच देशात एक आई नवऱ्याच्या मित्रांच्या फोटोंमधून नव्या गाडीचा नंबर वाचत बसते.

माहितीच्या अधिकाराचं दार थोडं उघडलं होतं. बायकोला नवऱ्याच्या पगाराची माहिती मिळायला हवी, असं नागपूर खंडपीठानं २०१८ मध्ये म्हटलं, केंद्रीय माहिती आयोगानंही २०२० मध्ये आयकर खात्याला ढोबळ उत्पन्न सांगायला लावलं. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं त्यातल्या वैयक्तिक माहितीच्या अपवादाची शब्दरचनाच बदलली आहे. त्या दारावर फार भिस्त ठेवू नये, असं माझं मत आहे. शिवाय तिनं अर्ज करत फिरायचंच कशाला? प्रतिज्ञापत्राबरोबर दोन्ही पक्षांची तीन वर्षांची माहितीपत्रिका आणि निर्वाहनिधीचा तपशील न्यायालयानं स्वतः, बंद पाकिटात मागवावा. एक आदेश, दोन खाती. त्यासाठी नवं यंत्र उभारायचं नाही.

परदेशात हे केव्हाच सुरू झालं. ऑस्ट्रेलियानं १९८८ मध्ये मुलांच्या पोटगीची वसुली करखात्याकडे दिली. ब्रिटनमध्ये यासाठीची यंत्रणा रकमेचा हिशेब थेट करखात्याकडच्या उत्पन्नावरून करते. १९९३ मध्ये सुरू झालेली तिथली आधीची संस्था गोंधळासाठीच गाजली होती, हेही सांगायला हवं. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानंतर मालकाला नव्या कर्मचाऱ्याची नोंद वीस दिवसांत कळवावी लागते, म्हणजे नोकरी बदलून पळता येत नाही. थकबाकी २,५०० डॉलरवर गेली की पासपोर्ट मिळत नाही. न्यू जर्सीतल्या आपल्या भाच्या-पुतण्यांना हे माहीत असतं. जर्मनीचा मार्ग मला सगळ्यात माणुसकीचा वाटतो. बापानं दिलं नाही तर सरकार मुलाला आगाऊ रक्कम देतं आणि बापाच्या मागे स्वतः लागतं. आपल्याकडे विधी आयोगानं मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात मुलांच्या पोटगीसाठी कायद्यात वेगळं प्रकरण घालायला सांगितलं, अठरा वर्षांपर्यंत आणि गरज असेल तर पंचवीसपर्यंत. त्यावर अजून कायदा झालेला नाही.

तो होईल तेव्हा होईल. तोवरचं काम या सभागृहात बसलेल्यांकडे आहे, कारण उत्पन्न एकट्यानं लपवता येत नाही. त्याला दुसऱ्याचं खातं लागतं, दुसऱ्याची सही लागते. मुलाचा पगार ज्यांच्या खात्यात येतो त्या आई आपल्यात असतात. 'मुलगा आमचा सोन्यासारखा, पण तिला एक पैसा जाता कामा नये,' असं म्हणत त्या स्वतःच्याच नातवंडाचा वाटा अडवून धरतात. मुलाच्या पैशानं एकट्या आईच्या नावावर जागा घेतली तर ते बेनामी कायद्यात बसू शकतं. त्यात एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे. ही सही करताना त्यांना हे कुणी सांगत नाही. ज्यांच्या फर्मवर धाकट्याचं बिल निघतं ते थोरले भाऊ आपल्यात असतात. जुन्या तारखेचा राजीनामा स्वीकारणारे, पगाराची रचना 'थोडी बदलून' देणारे मनुष्यबळ विभागातले लोक असतात. आणि माझ्या व्यवसायातले लोक असतात, जे 'क्लायंटनं सांगितलं, आम्ही भरलं' म्हणून हात झटकतात.

तुमच्याकडे असा कागद घेऊन कुणी आलं, मग तो मुलगा असो, भाऊ असो की जुना मित्र, तर सही करू नका. खातं देऊ नका. आणि दाव्यात साक्षीला बोलावलं तर जे माहीत आहे ते सांगा.